नकाशावर काय असावं, हे कोण ठरवतं?

केनियाच्या नैरोबी शहरात किबेरा नावाची मोठी, दाट वस्ती आहे. 2009 सालापर्यंत इंटरनेटवरचे नकाशे उघडले की आजूबाजूच्या शहराचे रस्ते ठळक दिसायचे आणि किबेराच्या जागी जवळपास कोरा पट्टा. सरकारी नकाशावर तर तिथे जंगल दाखवलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे शाळा होत्या, दवाखाने होते, पाणी विकणारे होते, प्रार्थनास्थळं होती आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या असंख्य बोळकांड्या होत्या. माणसं किती राहतात याचाही मेळ नव्हता. काही जण बेधडक दहा लाख सांगत, 2009 च्या जनगणनेत मात्र आकडा निघाला सुमारे 1 लाख 70 हजार.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वस्तीच्या वेगवेगळ्या भागांतले 13 तरुण-तरुणी हातात जीपीएस यंत्रं घेऊन गल्लोगल्ली फिरले. एरिका हेगन आणि मिकेल मॅरन यांनी सुरू केलेल्या ‘मॅप किबेरा’ या उपक्रमाची ती सुरुवात होती. चाललेली प्रत्येक वाट यंत्रात रेघ होऊन उमटत होती, प्रत्येक शाळेचा, नळाचा, शौचालयाचा एकेक ठिपका पडत होता. काही आठवड्यांत किबेराचा नकाशा जगातल्या कुणालाही पाहता येईल असा तयार झाला.

उपग्रहांनी किबेराची चित्रं त्याआधीही टिपली होती. मोजणीची यंत्रं शहरात होती, नकाशे काढणारी खातीही होती. पण वस्ती कागदोपत्री मान्य नव्हती, त्यामुळे तिची नोंद करावी असं ती साधनं बाळगणाऱ्यांना वाटलं नाही. ‘नागरी तंत्रज्ञान’, ‘लोकसहभाग’, ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ हे जड शब्द बाजूला सारले तर उरतो तो हाच प्रश्न: नकाशावर काय यावं हे कोण ठरवतं? नकाशा काढायची साधनं आता बहुतांशी फुकट मिळतात. काय काढायचं हे ठरवण्याचा अधिकार मात्र अजून तितक्या सहज मिळत नाही, आणि या लेखात मी सारखा त्याच मुद्द्याकडे वळणार आहे.

जीआयएस म्हणजे काय

भौगोलिक माहिती प्रणालीला सगळे जीआयएसच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. पारदर्शक कागदांची एक चळत डोळ्यांसमोर आणा. एका कागदावर फक्त रस्ते, दुसऱ्यावर फक्त घरं, तिसऱ्यावर नाले, चौथ्यावर प्रभागांच्या सीमा. सगळे कागद एकमेकांवर नीट जुळवून ठेवले की कोणतं घर नाल्याला लागून आहे, कोणत्या प्रभागातून कोणता रस्ता जातो, हे दिसायला लागतं. या कागदांना जीआयएसमध्ये लेयर म्हणतात. ते जुळतात, कारण प्रत्येक वस्तूची जागा अक्षांश-रेखांशांत नोंदलेली असते.

प्रत्येक वस्तूच्या नोंदीचे दोन भाग असतात. पहिला तिच्या आकाराचा: नळ असेल तर एक बिंदू, रस्ता असेल तर रेषा, तळं किंवा प्रभाग असेल तर बंद आकृती. दुसरा भाग त्या वस्तूबद्दलच्या माहितीचा. नळाच्या बाबतीत पाणी कधी येतं, पिण्यालायक आहे का, नळ कुणाच्या ताब्यात आहे, वगैरे. जीआयएसची खरी ताकद या दुसऱ्या भागात आहे. नुसता ठिपका पाहून फार काही कळत नाही. ठिपक्यांना माहिती जोडलेली असली की त्यांना प्रश्न विचारता येतात.

एक प्रश्न विचारून पाहू. आपत्तीत मदतीचं काम करणाऱ्या संस्था स्फिअर नावाची मानकं पाळतात. त्यानुसार घरापासून पाण्याचं ठिकाण 500 मीटरच्या आत असायला हवं. जीआयएसमध्ये प्रत्येक नळाभोवती 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, आणि जी घरं कुठल्याच वर्तुळात येत नाहीत ती वेगळ्या रंगात दाखवायची. दोन मिनिटांचं काम. अहवालात छापायला नकाशा तयार.

आता हाच नकाशा त्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या बाईला दाखवा. ती लगेच सांगेल की या घरांच्या आणि नळाच्या मधे रेल्वेची भिंत आहे, वळसा घालून गेलं तर अंतर दुपटीहून जास्त होतं. त्या दुसऱ्या नळाला फक्त पहाटे तासभर पाणी येतं. आणि तो तिसरा आहे ना, तिथे अंधार पडल्यावर मुलींना पाठवत नाहीत. वर्तुळ काढताना संगणकाचं गणित चुकलेलं नव्हतं. भिंत, पाण्याची वेळ आणि अंधार या तीन गोष्टी कुठल्याच लेयरवर नव्हत्या, कारण त्या नोंदवाव्यात असं ठरवणारं माणूस तिथे राहणारं नव्हतं. पहिली अडचण तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे. सरळ अंतराऐवजी पायवाटांवरून अंतर मोजायची सोय जीआयएसमध्ये असते. पण त्यासाठी पायवाटा आधी नकाशावर यायला हव्यात.

साधनं लोकांच्या हातात कशी आली

पहिली संगणकीय जीआयएस 1960 च्या दशकात कॅनडात उभी राहिली. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने ती तिथल्या सरकारसाठी घडवली. कुठली जमीन शेतीला योग्य, कुठली जंगलाला, याची देशभर नोंद करायची होती. संगणक खोलीएवढे, खर्च सरकारलाच परवडेल असा. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जीआयएस हे खात्यांचं, लष्कराचं आणि मोठ्या कंपन्यांचं हत्यार राहिलं.

त्याच कॅनडात 1970 च्या दशकात उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात एक वेगळंच काम चाललं होतं. तिथल्या मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट समाजाच्या शिकाऱ्यांसमोर नकाशे पसरून त्यांना विचारलं जात होतं: आयुष्यभरात तुम्ही कोणत्या जनावराची शिकार कुठे कुठे केलीत? शिकाऱ्याने स्वतःच्या आठवणीने रेषा ओढायच्या. सील इथे, कॅरिबू तिथे, मासे या खाडीत, हिवाळ्यातला मुक्काम इथे. बाहेरच्यांना ओसाड वाटणारा प्रदेश या रेषांनी भरून गेला. हे काम 1976 मध्ये प्रसिद्ध झालं आणि इन्युइटांच्या जमिनीवरच्या दाव्याला त्याचा भक्कम आधार मिळाला. 1993 मध्ये करार झाला आणि 1 एप्रिल 1999 रोजी नुनावुत हा नवा प्रदेश अस्तित्वात आला. संगणक नाही, उपग्रह नाही. कागद, पेन आणि ‘आम्ही इथे राहतो, इथे जगतो’ हे दाखवण्याची संधी, एवढ्यावर हे झालं. लोकसहभागाच्या नकाशांबद्दल कुणी विचारलं तर मी सगळ्यांत आधी हे उदाहरण सांगतो.

तंत्रज्ञान लोकांच्या आवाक्यात आलं ते 2000 च्या आसपास. जीपीएसचे संकेत अमेरिकी सरकार मुद्दाम बिघडवून सर्वांसाठी सोडत असे, त्यामुळे सामान्य यंत्राची चूक 100 मीटरपर्यंत जायची. एवढ्या चुकीत गल्ली कुठली ते कळणार कसं? मे 2000 मध्ये हा बिघाड बंद केला गेला आणि एका रात्रीत स्वस्त यंत्रंही काही मीटरपर्यंत अचूक झाली. 2002 मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएस या जीआयएसच्या मोफत सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. आज मोठमोठ्या सरकारी कचेऱ्याही ते वापरतात. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तिथल्या सरकारी मोजणी संस्थेचे नकाशे अचूक होते, पण वापरायला पैसे आणि परवानगी लागे. कोस्ट यांचं म्हणणं साधं होतं: नकाशा लोकांनीच काढावा आणि तो सगळ्यांचा असावा.

विकिपीडियावर लेख लिहावा तसं इथे कुणीही खातं उघडून रस्ता, घर, झाड, बाक नोंदवू शकतं. साहजिकच पहिली शंका येते ती अचूकतेची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मुकी हॅक्ले यांनी या हौशी नकाशाची सरकारी नकाशाशी तुलना केली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रस्त्यांच्या जागेतला फरक सरासरी 6 मीटरच्या आसपास निघाला. म्हणजे रोजच्या वापराला पुरेसा चांगला. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिची चर्चा त्यामानाने कमी होते: सुखवस्तू भागांचा नकाशा जास्त भरलेला होता, गरीब भागांचा कमी. नकाशा सगळ्यांसाठी खुला केला की तो आपोआप सगळ्यांचा होतो, असं नाही. ज्याच्याकडे मोकळा वेळ, संगणक आणि इंटरनेट आहे, तो आधी आपली गल्ली काढतो.

वरून काय दिसतं, काय दिसत नाही

12 जानेवारी 2010 रोजी हैतीत 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामचलाऊ डिजिटल नकाशाही हाताशी नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं मोकळी केली आणि जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून त्यावरून रस्ते, इमारती, कोसळलेली घरं, तंबूंच्या छावण्या ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवल्या. शोधपथकं तो नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत भरून फिरली. याच अनुभवातून त्या वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजेच हॉट, ही संस्था आकाराला आली. पुढे 2014 मध्ये हॉट, अमेरिकी आणि ब्रिटिश रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. उद्देश असा की संकट येण्याआधीच कोऱ्या राहिलेल्या भागांचे नकाशे तयार असावेत.

दूर बसून काढलेल्या नकाशाला कमी लेखू नये. त्याने जीव वाचलेत. पण त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. वरून छप्पर दिसतं. छपराखाली दवाखाना आहे की गोदाम, ते दिसत नाही. रस्ता दिसतो, पण त्याचं नाव दिसत नाही, आणि रात्री त्याचं फाटक बंद होतं हे तर नाहीच नाही. नाव, वापर, वेळ, मालकी, भीती, सवय हे सगळं जमिनीवरच कळतं.

म्हणून मला हैतीपेक्षा नेपाळचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. काठमांडू खोऱ्यात 2012-13 पासूनच स्थानिक विद्यार्थी आणि तरुण मिळून शाळा, दवाखाने, रस्ते नोंदवत होते. त्यातून काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था उभी राहिली. 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा नकाशा बऱ्याच अंशी तयार होता, आणि तो काढणारी माणसं तिथेच होती. जगभरातले हजारो स्वयंसेवक मदतीला धावले, पण आधी कुठला भाग काढायचा, कशाला प्राधान्य द्यायचं हे सांगणारे काठमांडूत बसलेले होते. त्यांनीच लोकांच्या गरजा नोंदवणारा वेगळा नकाशाही चालवला: या गावात तंबू नाहीत, त्या गावात तांदूळ संपलाय. हातांची मदत बाहेरून आली, पण ठरवणारे तिथलेच राहिले.

गटाराची खोली

टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात दरवर्षी पावसाळ्यात सखल वस्त्या पाण्याखाली जातात. शहराची मोठी लोकसंख्या अनियोजित वस्त्यांत राहते, आणि कुठलं गटार कुठून कुठे जातं याची धड नोंद नव्हती. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘रमानी हुरिया’ या उपक्रमात विद्यापीठाचे विद्यार्थी आणि वस्तीतले लोक एकत्र फिरले. ड्रोनने वरून चित्रं घेतली होतीच, पण गटाराचं काम वरून होत नाही. अर्ध्या गटारांवर फरश्या, पत्रे, दुकानांचे ओटे.

असं गटार नोंदवताना काय करावं लागतं ते बघा. काठावर उभं राहून टेपने रुंदी मोजायची, काठी घालून खोली मोजायची. गटार मातीचं की सिमेंटचं, हे लिहायचं. रस्ता ओलांडताना मोरी आहे का, असेल तर पाइपचा व्यास किती. पाणी कुठल्या दिशेला वाहतं. तळाशी गाळ किती, कचरा अडकलाय का. मोबाइलवर एक फॉर्म असतो, एकेक रकाना भरत जायचा. काही अंतरावर गटार वळतं किंवा अरुंद होतं, की पुन्हा तेच सगळं. कंटाळवाणं, घाण वासाचं काम आहे. पण रुंदी आणि खोली हातात आली की पाणी किती वाहून नेता येईल याचं गणित मांडता येतं, आणि जिथे रुंद गटार अचानक अरुंद मोरीत शिरतं तिथे पूर का येतो ते नकाशावर स्पष्ट दिसतं.

त्याहून महत्त्वाची नोंद टेपने होत नाही. घराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं: मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं? उत्तर मीटरमध्ये येत नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, असंच येतं. कुणी भिंतीवरचा डाग दाखवतं. अशी अनेक घरांची उत्तरं जमली की पुराची खरी हद्द उमटते. आजूबाजूच्या दहा घरांची उत्तरं जुळत असतील तर ती नोंद भरवशाची धरता येते. न जुळणारं उत्तर टाकून द्यायचं नाही, तिथे परत जायचं. बऱ्याचदा एखादं जोतं उंच बांधलेलं निघतं.

या शहरात प्रशासनाची सगळ्यांत लहान पायरी म्हणजे शिना, काही घरांचा गट, आणि त्याचा एक प्रमुख असतो. शिनांच्या हद्दी कुठल्याच नकाशावर नव्हत्या, त्या प्रमुखांच्या डोक्यात होत्या. मग त्यांनाच सोबत घेऊन हद्दी चालून काढल्या. साथ आली, पूर आला, की निरोप कुणाला द्यायचा हे आता नकाशावरून कळू शकतं. तिथला हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण शिना ही गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञाच्या यादीत असण्याची शक्यताच नव्हती.

रकाने कोण आखतं

आतापर्यंत माहिती गोळा करण्याबद्दल बोललो. पण फॉर्ममधले रकाने आखतं कोण? इथे लोकसहभाग बहुतेक वेळा गळपटतो. लोकांना बोलावलं जातं ते ठिपके भरायला. कशाचे ठिपके, हे आधीच ठरलेलं असतं.

ओपनस्ट्रीटमॅपचाच एक प्रसंग बोलका आहे. तिथे प्रत्येक वस्तूला खुणेचं लेबल लावतात, त्याला टॅग म्हणतात. नवा टॅग सर्वमान्य व्हावा म्हणून प्रस्ताव मांडून मतदान घेण्याची प्रथा आहे. 2011 मध्ये पाळणाघरासाठी वेगळा टॅग असावा असा प्रस्ताव आला आणि तो मतदानात नामंजूर झाला. दारूचे गुत्ते, बार, नाइटक्लब यांच्यासाठी मात्र तेव्हा वेगवेगळे टॅग होते. मत देणारे बहुतेक पुरुष होते. कुणी दुष्टपणा केला असं नाही. त्यांच्या रोजच्या दिवसात पाळणाघर शोधण्याची वेळच येत नव्हती, त्यामुळे आहे त्या टॅगमध्ये भागतंय असं त्यांना वाटलं. आज तो टॅग वापरात आहे, पण त्यासाठी वेगळं आयुष्य जगणारी माणसं त्या चर्चेत यावी लागली.

यंत्राने आपोआप माहिती गोळा केली तरी हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने 2012 मध्ये स्ट्रीट बम्प नावाचं ॲप आणलं. फोन गाडीत ठेवायचा. गाडीला धक्का बसला की फोनमधला सेन्सर तो टिपतो आणि खड्ड्याची जागा पालिकेला कळते. कल्पना सुरेख. पण तेव्हा स्मार्टफोन आणि गाडी दोन्ही असलेले लोक कुठे राहत होते? खड्डे सगळीकडे असले तरी धक्के नोंदले जाणार श्रीमंत भागांतले, आणि दुरुस्तीचा पैसाही तिकडेच वळणार. पालिकेला हे वेळीच लक्षात आलं आणि ॲप आधी शहरभर फिरणाऱ्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दिलं. म्हणून नकाशावर ठिपके दाट दिसले की तिथे त्रास जास्त, असा निष्कर्ष घाईने काढू नये. तिथे फक्त नोंदवणारे जास्त असतील.

किबेरात हे भान पुढच्या टप्प्यात आलं. नकाशा इंटरनेटवर होता, पण वस्तीतल्या बहुतेकांकडे तो पाहायला साधन नव्हतं. मग छापील नकाशे आणि ट्रेसिंग पेपर घेऊन बैठका झाल्या. तरुण मुलींनी आपल्याला सुरक्षित वाटणाऱ्या आणि न वाटणाऱ्या जागा स्वतः रंगवल्या. ‘मला इथे भीती वाटते’ हा रकाना कुठल्याही सरकारी फॉर्ममध्ये नसतो. तो आला, कारण त्या वेळी पेन त्यांच्या हातात होतं.

पलीकडे ऐकणारं कुणी आहे का

नागरी तंत्रज्ञान म्हणजे नागरिक आणि प्रशासन यांच्यातला व्यवहार सुकर करणारी ॲप्स, संकेतस्थळं, खुली माहिती. त्यातलं सर्वांत टिकाऊ उदाहरण म्हणजे ब्रिटनमधलं फिक्समायस्ट्रीट. माय सोसायटी या संस्थेने 2007 मध्ये ते सुरू केलं. नकाशावर टिचकी मारायची, ‘दिवा बंद आहे’ असं लिहायचं, फोटो जोडायचा.

पुढे जे होतं ते जीआयएसचं काम. नागरिकाला ठाऊक नसतं की हा रस्ता नगर परिषदेचा की जिल्ह्याचा की महामार्ग खात्याचा. तक्रारी मरतात त्या याच ठिकाणी. प्रणालीकडे सगळ्या हद्दींच्या बंद आकृत्या असतात. ठिपका कोणत्या आकृतीच्या आत पडला ते क्षणात तपासलं जातं, तक्रारीचा प्रकार जोडला जातो आणि पत्र योग्य टेबलावर जातं. शिवाय तक्रार सगळ्यांना दिसते. शेजाऱ्याने तोच दिवा आधीच कळवला असेल तर ते कळतं, आणि किती दिवस उत्तर आलं नाही तेही. हे सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे नॉर्वेपासून झुरिकपर्यंत इतरांनी ते आपापल्या हद्दी घालून वापरलं.

मात्र ॲप कितीही चांगलं असलं तरी दिवा लावायला माणूस लागतो. अनेक नागरी ॲप्स बंद पडतात ती इथेच. उद्घाटन होतं, पहिले काही आठवडे तक्रारींचा पाऊस पडतो. पालिकेच्या आतल्या कामाच्या पद्धतीत काहीच बदललेलं नसतं, उत्तरं येत नाहीत, लोक सांगणं सोडून देतात. एकदा विश्वास उडाला की पुढच्या चांगल्या ॲपलाही तोच अनुभव येतो.

शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं आणि मतं विचारणं, वरच्या टोकाला भागीदारी आणि प्रत्यक्ष निर्णयाचा ताबा. आजच्या बहुतेक ॲप्सना या शिडीवर ठेवून बघा. ती मधल्या पायऱ्यांवर थांबलेली दिसतील: तुम्ही सांगा, आम्ही बघतो. खड्ड्यासाठी ही पायरी पुरेशी आहे. पण गटार कुठून न्यायचं, बसथांबा कुठे हवा, कुणाची घरं हलवायची, अशा प्रश्नांवर ‘मत नोंदवले’ एवढ्यावर भागत नाही.

उघडं करू नये असं काही

खुल्या माहितीचा मी पुरस्कर्ता आहे, तरीही सगळं खुलं करावं असं माझं म्हणणं नाही. अनधिकृत वस्तीचं घरन्‌घर नकाशावर आलं की पाण्याची लाइन मागता येते, आणि तोच नकाशा घेऊन घरं पाडायलाही येता येतं. हिंसेतून सुटून आलेल्या स्त्रियांच्या निवाऱ्याचा पत्ता, दुर्मीळ प्राण्याचं घरटं, आदिवासी समाजाची पवित्र जागा, या नोंदी चुकीच्या माणसाला सापडल्या तर झालेलं नुकसान भरून येत नाही. एकदा इंटरनेटवर गेलेली माहिती परत घेता येत नाही.

आदिवासी समाजांच्या बाजूने 2019 मध्ये ‘केअर’ नावाची तत्त्वं मांडली गेली. माहितीचा फायदा त्या समाजाला व्हावा, तिच्यावर ताबा त्यांचा असावा, वापरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, आणि नीतीचा विचार व्हावा. व्यवहारात याचा अर्थ असा की वस्तीने स्वतःचा नकाशा काढून त्यातले काही लेयर स्वतःपाशी ठेवणं पूर्ण रास्त आहे. पायवाटा आणि दवाखाने सगळ्यांना, कुटुंबांची नावं कुणालाच नाही. हा निर्णय सर्वेक्षण सुरू होण्याआधी, वस्तीच्या बैठकीत घ्यायचा असतो. फॉर्म भरून झाल्यावर सही घेणं ही संमती नव्हे.

सुरुवात करायची असेल तर

आधी सॉफ्टवेअर उघडू नका, प्रश्न ठरवा. ‘आपल्या भागाचा नकाशा करू’ हा प्रश्न नाही. ‘चाकाच्या खुर्चीवरून बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत जाता येतं का?’ हा प्रश्न आहे. त्यातून रकाने आपोआप सुचतात: पायरी, उतार, पदपथाची रुंदी, मधे उभ्या गाड्या. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी रकाने आखावेत. मग उत्तर कुणापुढे ठेवायचं ते ठरवा, आणि त्या माणसाला सुरुवातीलाच भेटा. त्याला नकाशा कोणत्या स्वरूपात लागतो हे विचारलं तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

पहिली फेरी कागदावर करा. मोठा छापील नकाशा टेबलावर पसरला की म्हातारी माणसंही बोलायला लागतात, मोबाइल पुढे केला की गप्प होतात. नंतर साधनं हवी तेवढी आहेत. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप रस्त्यावर चालता चालता सोपे प्रश्न विचारतं, उत्तर दिलं की ते थेट ओपनस्ट्रीटमॅपवर जातं. कोबोटूलबॉक्समध्ये स्वतःचा फॉर्म बनवता येतो आणि तो इंटरनेट नसतानाही भरता येतो. जमलेल्या माहितीला प्रश्न विचारायला क्यूजीआयएस. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर फोनचं जीपीएस भरकटतं, तिथे उपग्रहचित्रावर पाहून ठिपका हाताने सरकवावा.

एक नियम कसोशीने पाळा: गूगल मॅपवरून पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर काहीही उतरवायचं नाही. ती माहिती कंपनीच्या मालकीची आहे, आणि अशी नोंद सापडली की काढून टाकली जाते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती 2012 पासून ज्या परवान्याखाली आहे त्यात श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि त्या माहितीत भर घालून नवा संच प्रसिद्ध केला तर तोही तसाच खुला ठेवावा लागतो. एखादी संस्था तुमच्याकडून सर्वेक्षण करून घेत असेल तर जमलेली माहिती कुठल्या परवान्याखाली, कुणाच्या नावावर राहणार हे लेखी मागा. फुकट राबून काढलेला नकाशा नंतर वस्तीलाच पाहायला मिळत नाही, असं घडू देऊ नका.

शेवटचा भाग देखभालीचा, आणि त्यासाठी निधी बहुधा कुणी ठेवत नाही. नळ बंद पडतो, दवाखाना हलतो, नवी भिंत उभी राहते. जुना नकाशा नकाशा नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो, कारण लोक त्यावर विसंबतात. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत ती कधी तपासली ती तारीख लिहा आणि वर्षातून किमान एकदा फेरी ठरवून टाका. गटारांसाठी पावसाळ्याच्या आधीचा महिना बरा. खात्याचा पासवर्ड एकाच उत्साही माणसाकडे ठेवू नका. तो गाव बदलतो, नोकरी बदलतो, आणि नकाशा त्याच्याबरोबर जातो. दोघा-तिघांना संपादन शिकवा, माहितीची एक प्रत वस्तीतल्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा, आणि भिंतीवर लावलेल्या छापील नकाशाशेजारी एक पेन दोरीने बांधून ठेवा.